झरीच्या रस्त्यावरचं गोदाम

शटर अर्धं वर गेलं आणि आतून जे बाहेर आलं त्याला नुसता वास म्हणणं कमीच. ते अंगावर आलं. डोळ्यांत गेलं, घशात बसलं, दातांवर चढलं. शटर ओढणाऱ्या वॉचमनने हात सोडला आणि शटर धाडकन खाली आलं. आमचे साहेब गोदामाचा ताबा घ्यायला मुंबईहून खास आले होते. ते नाकाला रुमाल लावून उलट्या पावली गाडीकडे गेले, आत बसले, काच वर केली आणि मला फोन लावला. मी गाडीपासून हाकेच्या अंतरावर उभी होते.

"आत काय आहे?" त्यांनी विचारलं.

"बघितल्याशिवाय कसं सांगू?"

"मग बघा ना."

मी ओढणी तोंडावर घट्ट बांधली आणि वॉचमनला पुन्हा शटर उचलायला लावलं. आत छतापर्यंत गोणी रचलेल्या होत्या. म्हणजे कधीकाळी रचलेल्या असाव्यात. आता त्या फुटून, ओघळून एकमेकींवर कोसळल्या होत्या. कोंबड्यांच्या खाद्यात मिसळतात ती मासळीची भुकटी. मूळ मालक दोघे भाऊ, त्यांचा कोर्टात वाद चालला होता, त्या वादात कुणीच हे शटर उघडलं नव्हतं. वरचे पत्रे फुटलेले. कितीतरी पावसाळे त्या भुकटीवर गळत राहिले आणि तिचा काळा, चिकट चिखल झाला. त्या चिखलाचा वरचा थर हलत होता. मला आधी वाटलं उजेडाचा भास आहे. जवळ गेले तर अळ्या. मेलेली कबुतरं, उंदीर आणि त्यांच्यावर पोसलेल्या अळ्या.

मी किनाऱ्यावरच्या झाईची. आमच्या गावात सुके बोंबील वलांडीवर, म्हणजे आडव्या बांबूंवर, टांगलेले असतात आणि त्यांच्याखालून वाकून आम्ही शाळेत जायचो. सुक्या मासळीच्या वासाने मला भूक लागते. म्हणून सांगते, हा तो वास नव्हता. हा माणसांच्या भांडणात आणि हलगर्जीपणात सडलेल्या मासळीचा वास होता, आणि पुढचं जवळजवळ वर्षभर तो माझ्या केसांत राहणार होता.

खरेदीआधी या गोदामाची रीतसर तपासणी झाली होती. एक माणूस येऊन गेटबाहेरून फोटो काढून गेला आणि त्याने आतली स्थिती समाधानकारक असल्याचं कळवलं. तो आत गेलाच नव्हता हे मी साहेबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ठीक आहे, आता आपण गेलोय ना."

आपण म्हणजे मी.

माझ्या नोकरीचं नाव मोठं होतं, काम मात्र सोपं सांगता येईल. जीएसटी आला आणि राज्याच्या सीमेवरचा अच्छाडचा नाका ओस पडला. आधी गुजरातकडे जाणारे ट्रक तिथे तासन्‌तास खोळंबायचे. आता थांबेनासे झाले. राज्याराज्यांत लहानलहान गोदामं ठेवणाऱ्या कंपन्यांना एकच भलंमोठं गोदाम हवं झालं. मग परदेशातले आणि मुंबईतले गुंतवणूकदार हायवेच्या कडेची जुनी शेडं विकत घेऊ लागले. ती घ्यायची, मोडायची, दुरुस्त करायची, नवे पत्रे, नवी जमीन, ट्रक लागायला उंच धक्के करायचे, मोठा भाडेकरू आणायचा आणि भाड्यासकट शेड पुढच्या गुंतवणूकदाराला विकायचं, असा तो धंदा. मी सिव्हिल इंजिनिअर. बोईसर आणि वापीच्या कारखान्यांच्या बांधकामांवर घासलेली. मराठी, गुजराती, हिंदी येणारी, तालुक्याच्या कचेऱ्या ओळखणारी. त्यामुळे तलासरीजवळचं हे काम माझ्या गळ्यात आलं.

ऑफिसात त्याला गोदाम म्हणायचीसुद्धा सोय नव्हती. 'असेट' म्हणायचं. "असेट साफ कधी होतंय?" असा रोज सकाळी फोन यायचा.

साफसफाईचं काम वापीच्या एका कॉन्ट्रॅक्टरला दिलं होतं. पांढरा सफारी, बोटांत अंगठ्या, तोंडात सतत बडीशेप. त्याची मराठी गुजरातीत भिजलेली. त्याने आणलेले मजूर शटरपर्यंत गेले आणि टेम्पोत बसून परत गेले. दुसरी टोळी आली, तीही गेली. शेवटी गोदामाच्या भिंतीमागच्या पाड्यावरच्या बायका आल्या. त्यांच्यात एक पुढारी होती. माझ्याहून थोडी मोठी असेल, चाळिशीची, काटक, गुडघ्यापर्यंत कसलेलं लुगडं. तिच्या बोलीत साहेब असो की वॉचमन, सगळ्यांना 'तू'. ती शटरपाशी उभी राहिली, आत बघितलं, बाजूला जाऊन थुंकली आणि मला म्हणाली, "बाई, काय मेलंय इथं? अख्खा दर्या मेला काय?"

"मासळीची भुकटी आहे मावशी. सडली."

"आम्ही काढू. पण हातमोजे दे, साबण दे, खोबरेल दे. आणि जेवायला आम्ही इथं बसणार नाही, घरी जाऊ. तेवढा वेळ तुझा गेला तर बोलायचं नाही."

मी सगळं कबूल केलं. ऑफिसने विचारलं की खोबरेल तेल कोणत्या खात्यात टाकायचं. मी स्वतःच तेल विकत आणून दिलं.

त्या बायकांनी ते गोदाम फावड्याने, घमेल्याने, प्रसंगी हातांनी उपसलं. नाकाखाली खोबरेल चोपडायच्या, पदर दोनदा गुंडाळायच्या आणि आत शिरायच्या. उन्हाळा चढत होता. पत्रा तापला की आतला चिखल खदखदल्यासारखा व्हायचा, बुडबुडे यायचे. एकदा एका पोरसवदा सुनेच्या पायावरून उंदीर गेला आणि ती किंचाळून घमेल्यासकट आडवी झाली. सगळ्या धावल्या. तिला बाहेर आणून टँकरच्या पाण्याखाली धरलं, तर ती रडत रडत हसायला लागली, आणि मग सगळ्याच हसायला लागल्या. मी पण हसले. त्याच वेळी साहेबांचा फोन आला. पाठीमागचं हसणं ऐकून म्हणाले, "वातावरण छान दिसतंय साइटवर."

घरी आई मला मागच्या दाराने घ्यायची. अंगणातल्या नळाखाली डाळीचं पीठ, लिंबू, शिकेकाई, सगळं झालं की मगच घरात. माझे कपडे ती काठीने उचलायची. "इंजिनिअर केली पोरीला," ती शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "आणि हे उकिरडे उपसायला पाठवतात." मला राग यायचा, कारण ते खोटं नव्हतं.

उपसलेलं सगळं टाकायचं कुठे हा पुढचा प्रश्न. आमच्या किनाऱ्यावर चिकूच्या झाडांना मासळीचं खत घालायची चाल आहे, म्हणून मी वडिलांना घेऊन आले. आमची वाडी ते पोरांसारखी सांभाळतात. त्यांनी गोणीतलं थोडं काठीवर घेतलं, नाकाजवळ नेलं आणि काठीच फेकून दिली.

"काय झालं?"

"माझ्या झाडांनी माझं काय वाईट केलंय?" ते म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

शेवटी सीमेपलीकडे असला कचरा रीतसर पुरणारी एक जागा आहे, तिथे ताडपत्री बांधलेल्या ट्रकमधून तो पाठवायचं ठरलं. कॉन्ट्रॅक्टरला हे आवडलं नाही. वाहतूक त्याच्या अंगावर होती.

एका सोमवारी सकाळी आले तर मागचा अर्धा भाग स्वच्छ. चिखलाचं नाव नाही, लाल मुरूम पसरून वर रोलर फिरवलेला. मला क्षणभर बरं वाटलं. मग पाय टाकला तर मुरूम गादीसारखा दबला. सळईने उकरलं. वीतभर खाली तोच काळा चिखल.

कॉन्ट्रॅक्टर बडीशेप चघळत आला.

"हे काय केलंत?"

"बेन, नक्कामी चिंता करता तुम्ही. खाली माटी, वर मुरूम, त्याच्या वर काँक्रीट. कोण खोदून बघणार?"

"अळ्या आहेत त्यात."

"काँक्रीटखाली अळी जगत नाही बेन," तो मला धीर देत म्हणाला.

मला त्याची चीड कमी आली आणि किळस जास्त. तो हे हसत, मनापासून, मला मदत करतोय अशा थाटात सांगत होता. मी साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"वरून दिसणार आहे का काही?"

"नाही."

"वास?"

"काँक्रीट झाल्यावर कदाचित नाही."

"मग?"

त्या 'मग'वर माझ्याकडे खूप उत्तरं होती. मागच्या पाड्याची विहीर भिंतीपासून लांब नाही. ज्या बायकांनी हे उपसलं त्यांच्याच पायाखाली ते पुन्हा पुरलंय. पण त्यातलं एकही उत्तर त्या फोनमधून पलीकडे जाणार नाही हे मला कळत होतं. म्हणून म्हटलं, "जमीन खचेल. माल उचलणारी गाडी चालली की काँक्रीटला तडे जातील. भाडेकरू जमीन तपासूनच सही करतो."

"ओह! मग काढा, लगेच काढा," साहेब म्हणाले.

काम झालं, पण मला तोंडात माती गेल्यासारखं वाटत राहिलं. योग्य तेच होत होतं, पण ते होण्यासाठी माणसांचा उल्लेख टाळावा लागला होता. मुरूम उकरताना पुढारी बाईने विचारलं, "पुन्हा काढायचं? कुणी टाकलं?" मी कॉन्ट्रॅक्टरकडे बोट केलं. तिने त्याच्याकडे बघून तिच्या बोलीत काहीतरी म्हटलं. बायका खो खो हसल्या. त्याचा अर्थ मी विचारला नाही, त्यानेही नाही. पण त्या दिवसानंतर तो बायका काम करत असताना आत येईनासा झाला.

पावसाळ्याआधी पत्रे बदलले. पाऊस ओसरल्यावर जमिनीचं काँक्रीट झालं. ते ओतताना मी सतत उभी होते, कारण मला कुणावरच विश्वास उरला नव्हता. जमीन घोटून झाली, भिंती पांढऱ्या रंगवल्या, आणि एका दुपारी मी आत गेले तर माझ्या चपलांचा आवाज लांबच्या भिंतीवरून परत आला. छतातल्या पारदर्शक पत्र्यांतून उजेड सरळ खाली पडला होता. जमीन आरशासारखी. मला आनंद झाला. त्या कामातला तो माझा एकमेव निखळ आनंद. आणि तोही मी कुणाला सांगितला नाही, कारण सांगितला असता तर दुसऱ्या दिवशी साहेबांच्या भाषणात गेला असता.

त्या वर्षी दिवाळीनंतर जमीन हलायला लागली.

आधी आवाज यायचा. दूर खाणीत सुरुंग उडाल्यासारखा, पण पायाखालून. मग भांडी वाजायची. डहाणू आणि तलासरीच्या गावांत रोजच्या बोलण्यात तोच विषय. धुंदलवाडीकडे जास्त, आमच्या झाईला कमी, गोदामाच्या म्हणजे झरीच्या बाजूला मधूनमधून. शाळा झाडाखाली भरू लागल्या. पाड्यावरची गंमत अशी की जुनी कुडाची घरं नुसती डोलून पुन्हा तशीच उभी राहायची. नव्या विटांच्या घरांच्या भिंती मात्र फाटायच्या. पुढारी बाईचं घर विटांचं होतं. एका पहाटे त्याची मागची भिंत कोपऱ्यापासून सुटली आणि तिच्या सासूच्या हातावर वीट पडली. हात मोडला.

थंडीचे दिवस. लोक घरात झोपायला भीत होते. सरकारकडून तंबू वाटले जात होते, पण या पाड्याची पाळी अजून आली नव्हती. गोदामाच्या पुढे ट्रक वळायला मोठं काँक्रीटचं अंगण होतं, सपाट, मोकळं, वरून पडण्यासारखं काही नाही. पुढारी बाई संध्याकाळी गेटवर आली.

"तुझं अंगण रिकामं हाय ना? आम्ही झोपू तिथं. सकाळी जाऊ."

मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "विम्याचा प्रश्न येईल. आणि एक लक्षात ठेवा, मेलमध्ये 'भूकंप' हा शब्द वापरू नका. गुंतवणूकदार घाबरतात. 'स्थानिक हालचाल' लिहा."

"लोकांना काय सांगू? स्थानिक हालचाल होतेय, घरात झोपा?"

"तुम्ही भावनिक होताय."

मी फोन ठेवला आणि वॉचमनला सांगितलं की गेट उघडं राहू दे. तो पाड्यावरचाच होता. त्याने "बरं" म्हटलं आणि त्याच संध्याकाळी स्वतःची खाटही आणून टाकली. लोक अंधार पडता पडता यायचे, चटया, गोधड्या, म्हाताऱ्या, कोंबड्यांचे खुराडे घेऊन. उजाडल्यावर अंगण झाडून निघून जायचे. मी कामावर यायचे तेव्हा खराट्याच्या रेषा दिसायच्या, बाकी काही नाही.

हे कॉन्ट्रॅक्टरने साहेबांच्या कानावर घातलं. साहेब माझ्यावर भडकले. अतिक्रमण, कब्जा, कोर्ट, असे शब्द आले. मला वाटलं आता गेट बंद करायला लावणार. पण दोनच दिवसांत त्यांचा आवाज बदललेला. गुंतवणूकदार पाहणीला येणार होते आणि त्यांच्याकडे आजूबाजूच्या गावकऱ्यांसाठी आपण काय करतो यालाही हल्ली महत्त्व होतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"ते लोक अजून येतात ना झोपायला?" त्यांनी विचारलं.

"येतात."

"उत्तम. त्यांना दिवसा बोलवा."

पाहणीच्या आदल्या दिवशी कॉन्ट्रॅक्टरचे लोक अंगणात तंबू ठोकायला आले. पांढरे आणि निळे, झालर लावलेले. मागे मोठा फलक, आमच्या कंपनीच्या नावाचा. कोऱ्या प्लॅस्टिकमधली ब्लँकेटं आली. पाड्यावरच्या लोकांना बोलावणं गेलं. बाई आली, तंबूभोवती एक फेरी मारली, झालर बोटांनी चाचपली आणि मला म्हणाली, "लगीन कुणाचं?"

मला तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. एक वयस्कर परदेशी गृहस्थ, एक मुंबईची बाई, बरोबर साहेब आणि फोटोग्राफर. आधी गोदाम बघितलं. जमीन, छत, धक्के. परदेशी गृहस्थांनी वाकून जमिनीवर हात फिरवला. मग सगळे अंगणात. ब्लँकेटं वाटायचा कार्यक्रम झाला. ब्लँकेट घेणाऱ्याने मान वर करायची, देणाऱ्याने हसायचं. मोडक्या हाताची सासू पुढे आली तेव्हा फोटोग्राफर म्हणाला, "आजी, हात जरा वर... तो पट्टीवाला." तिला कळलं नाही. त्याने स्वतः तो हात उचलून धरला. ती कळवळली. त्याने फोटो काढला.

मी मधे गेले आणि त्याचा हात बाजूला केला. तो म्हणाला, "मॅडम, फ्रेममध्ये येताय."

परदेशी गृहस्थ मात्र खुर्चीवर न बसता पुढारी बाईपाशी गेले. चेहरा भला होता. त्यांनी इंग्रजीत विचारलं, इथे तुम्हांला सुरक्षित वाटतं का. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी भाषांतर केलं.

बाईने तंबूकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "याला विचार, हे तंबू काल लागले. हा गेल्यावर काढणार काय?"

साहेब पुटपुटले, "आभार मानतेय म्हणा."

मी शब्दाला शब्द भाषांतर केलं. तिने काय विचारलं तेच, 'काल'सकट.

गृहस्थांनी साहेबांकडे वळून पाहिलं. साहेब हसले. छान, मोकळं हसले. "अजिबात नाही," ते इंग्रजीत म्हणाले, "ही तर सुरुवात आहे." गृहस्थांनी मान हलवली. त्यांचं समाधान झालं. मला वाटलं होतं ते पुढे काहीतरी विचारतील, फलकामागे बघतील, निदान बाईच्या डोळ्यांकडे बघतील. त्यांनी घड्याळ बघितलं. गाड्या डहाणूकडे जेवायला गेल्या.

गाड्यांची धूळ बसायच्या आत मंडपवाल्याचा टेम्पो आत आला.

"काय आहे?" मी विचारलं.

"सामान न्यायला आलोय मॅडम. तंबू, फलक, ब्लँकेटं."

"ब्लँकेटं वाटली आहेत."

कॉन्ट्रॅक्टर पुढे झाला. "बेन, भाड्याची आहेत. आजच्यापुरतीच बोलली होती."

मला आधी खरंच कळलं नाही. ब्लँकेट भाड्याने आणून वाटता येतं हे माझ्या डोक्यातच शिरेना. मंडपवाल्याचा माणूस एका म्हाताऱ्याच्या खांद्यावरून ब्लँकेट ओढू लागला. म्हातारा मुकाट्याने हात वर करून मोकळा झाला, जसं झडतीला करतात. मी ओरडले, "सोडा ते!" मंडपवाला हात जोडून उभा राहिला. "मॅडम, मी गरीब माणूस. उद्या उंबरगावला लग्न आहे, तिथे लागणार. मला आधीच सांगायचं ना."

त्याची चूक नव्हती. हे मला कळत होतं.

बाई उठली. तिने स्वतःचं ब्लँकेट झटकलं, घडी घातली, सासूच्या खांद्यावरचं काढून त्याची घडी घातली. मग इतर बायकांकडे बघितलं. त्यांनीही घड्या घातल्या. एकावर एक नीट रचून तिने तो गठ्ठा मंडपवाल्याच्या हातात दिला. "मोजून घे," म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. त्या सगळ्याजणी गेटबाहेर गेल्या.

मी साहेबांना फोन केला. ते जेवत होते. "फोटो सुंदर आलेत," म्हणाले. "तुम्ही भाषांतर फार प्रामाणिक केलंत, पण सांभाळलं गेलं."

"ब्लँकेटं भाड्याची होती हे तुम्हांला माहीत होतं?"

"अहो, ते कॉन्ट्रॅक्टरने बघितलं असेल. बारीकसारीक गोष्टींत जाऊ नका."

"मी भाडेकरू येईपर्यंत काम पुरं करून देते," मी म्हटलं. "त्यानंतर मला हिशेबात धरू नका."

"थकलाय तुम्ही. रजा घ्या."

"रजा नको. मला तुमची किळस आलीय," मी म्हणाले. कुणाला तोंडावर असं म्हणायची माझी ती पहिली वेळ. पलीकडे काटाचमचा ठेवल्याचा आवाज आला, आणि मग ते म्हणाले, "आपण नंतर बोलू." त्यावर आम्ही कधीच बोललो नाही.

संध्याकाळी मी स्टोअर उघडलं. छताच्या कामाच्या निळ्या ताडपत्र्या पडल्या होत्या, उरलेले बांबू होते, नायलॉनची दोरी होती. उरलेल्या मालाची विल्हेवाट लावायचा अधिकार माझा होता, तसं नेमणूकपत्रातच होतं. टेम्पोत सगळं भरलं आणि पाड्यावर नेलं. बाई चुलीपाशी बसली होती. उठली नाही.

"हे भाड्याचं नाही," मी म्हटलं.

तिने टेम्पोत डोकावून बघितलं. दोरी हातात घेऊन ताणली. "दोरी कमी पडंल," म्हणाली. "अजून हाय?"

मी होती नव्हती तेवढी सगळी दोरी आणून दिली. अंगणाचं गेट मी असेपर्यंत उघडंच राहिलं, पण त्यानंतर तिथे फारसं कुणी आलं नाही. त्यांनी स्वतःच्या खळ्यावर ताडपत्र्या बांधल्या.

काम पुरं झालं. भाडेकरू आला, धक्क्यांना ट्रक लागले, आणि मी राजीनामा दिला. ऑफिसात माझ्यासाठी केक आणला होता. गोदामाच्या आकाराचा, पांढरं छत आणि हिरव्या क्रीमची हिरवळ. साहेबांनी माझ्या 'स्थानिक लोकांशी असलेल्या जिव्हाळ्या'चं कौतुक केलं. मी केक कापला, खाल्ला मात्र नाही. पुढे कळलं की ते गोदाम त्यांनी दुसऱ्या गुंतवणूकदारांना विकलं. माहितीपत्रकात बाईच्या सासूचा फोटो होता, पट्टीचा हात वर केलेला. सामाजिक बांधिलकी असं काहीतरी खाली छापलेलं. मी ते पत्रक बघितलं आणि उलटं ठेवलं.

चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेत बाई भेटली. मी आईबरोबर दर्शनाला आले होते. ती मडकी बघत होती. एकेक उचलून टिचकी मारून कानाशी धरायची. मला बघून म्हणाली, "तू हायेस होय अजून? मला वाटलं मुंबईला गेलीस."

"नाही. इथेच आहे. सासूचा हात कसाय?"

"जोडला. वाकडा जोडला, पण चालतो. भांडायला उचलते."

तिने मागची विटांची भिंत काढून टाकली होती आणि तिथे कूड घातला होता. नव्या मालकांनी गोदामात झाडलोटीला बोलावलं होतं, ती गेली नव्हती.

"का? घरामागेच तर आहे."

"आत खिडकी नाय एक बी. जमीन हलली तर पळायचं कुठं?" ती म्हणाली. "आणि तू? काय करतेस आता?"

"सध्या काही नाही. वडिलांबरोबर वाडीत असते."

"बरंय," ती म्हणाली, आणि एक मडकं माझ्या हातात दिलं. "हे बघ. याला तडा हाय का? मला तर आवाज ठीक वाटतो, पण हा दुकानदार लबाड हाय."

मी मडकं कानाशी धरलं. दुकानदार आमच्याकडे रागाने बघत होता.